जीसीसी लिहिलं, चाललं काय? चार ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या एका बिल्डचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या पट्ट्यात काम करणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअर टीमचं हे प्रकरण. कंपनी, माणसं आणि ग्राहक ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. तांत्रिक क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

टीमचं उत्पादन म्हणजे पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं गणित करणारी लायब्ररी. एखाद्या भागात ताशी किती पाऊस पडला की कुठल्या नाल्यात किती पाणी येईल, भरतीच्या वेळी ते कुठे तुंबेल, हे ती काढून देते. गाभा सी भाषेत, त्यावर सी++चा पातळ थर. सगळ्यात जड लूप ओपनएमपीने समांतर केलेले, म्हणजे यंत्रात जितके कोअर तितक्यांवर काम वाटलं जातं.

सुरुवातीला सगळेच उबुंटू २२.०४ वर होते. कोडपासून प्रोग्राम कसा बनवायचा, म्हणजे बिल्ड कसं करायचं, हे ‘मेक’ या साधनाला सांगणाऱ्या मेकफाइलच्या डोक्यावर दोन ओळी होत्या: ‘सीसी = जीसीसी’ आणि ‘सीफ्लॅग्ज = -ओ२ -वॉल -एफओपनएमपी’. पहिली ओळ कंपायलर, म्हणजे कोड यंत्रभाषेत आणणारा प्रोग्राम, कुठला ते सांगते; दुसरी त्याला द्यायचे पर्याय, त्यातला शेवटचा ओपनएमपी चालू करणारा. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल पॅकेज टाकलं की जीसीसी, जी++ आणि मेक तिन्ही येतात, त्यामुळे या ओळींकडे पुन्हा बघायची वेळच आली नाही. मग दोघांना ॲपल सिलिकॉनचे मॅक मिळाले, एका सल्लागार ग्राहकाने विंडोजसाठी डीएलएल (तिथल्या तयार लायब्ररीची फाइल) मागितली, आणि दुसऱ्या ग्राहकाचे सर्व्हर फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर असल्याचं कळलं.

अडचण

पहिला अडथळा मॅकवर आला. कंपायलरने ‘-एफओपनएमपी’ हा पर्याय आपल्याला चालत नाही असं सांगून काम थांबवलं. नव्या अभियंत्याला वाटलं, जीसीसी अर्धवट इन्स्टॉल झालंय.

“मॅडम, दोनदा काढून परत इन्स्टॉल केलं, तरी तोच एरर येतोय.”

“थांब, परत टाकू नकोस. जीसीसी डॅश डॅश व्हर्जन दे आणि पहिली ओळ वाचून दाखव.”

पहिली ओळ ‘ॲपल क्लँग व्हर्जन’ अशी सुरू होत होती. क्लँग हा वेगळाच कंपायलर. अडचणीचं मूळ तिथेच होतं. मॅकवर यूएसआर-बिन फोल्डरमधलं ‘जीसीसी’ हे जीसीसी नाही. ‘सीसी’, ‘जीसीसी’ आणि ‘क्लँग’ या तिन्ही नावांमागे एक्सकोड या ॲपलच्या साधनसंचातला एकच क्लँग आहे. ॲपलने दिलेला शेवटचा जीसीसी ४.२.१ चा, पुढच्या आवृत्त्यांचा परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपल क्लँगकडे वळली. २०१३ च्या एक्सकोड ५ मध्ये जुनं काढून टाकलं, पण लाखो मेकफाइलींमध्ये लिहिलेलं नाव मोडू नये म्हणून ‘जीसीसी’ ही कमांड ठेवली. सोय म्हणून ठेवलेल्या या नावाने आजही रोज कोणाची तरी फसगत होते.

नावच नाही, मॅक्रोसुद्धा (कंपायलर कोडला आपली ओळख सांगतो त्या खुणा) फसवतात. क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवून घेतो: __जीएनयूसी__ ची किंमत ४, उपआवृत्तीची २. कोडमध्ये फक्त तेवढं तपासलं, तर क्लँग जुना जीसीसी वाटतो.

यावर टीममधल्या एकाने घाईत उतारा काढला. मेकफाइलमध्ये युनेम या सिस्टिमचं नाव सांगणाऱ्या कमांडचं उत्तर ‘डार्विन’, म्हणजे मॅक, आलं की ‘-एफओपनएमपी’ गाळायचं. बिल्ड निघालं, चाचण्या पास झाल्या, सगळे पुढच्या कामाला लागले.

या प्रकरणातलं सगळ्यात महागात पडलेलं पाऊल ते हेच. ओपनएमपीच्या सूचना प्रॅग्माच्या, म्हणजे कोडमध्ये कंपायलरसाठी लिहिलेल्या ओळींच्या, रूपात असतात, आणि पर्याय दिलेला नसेल तर कंपायलर त्या सोडून देतो. त्यात या टीमचं कोड नीटनेटकं होतं: ओएमपीची हेडर फाइल आणि धाग्यांची (थ्रेडची) संख्या विचारणारी फंक्शनं ‘_ओपनएमपी’ मॅक्रो असेल तरच घ्यायची, अशी अट प्रत्येक ठिकाणी होती. त्यामुळे कुठेच काही अडलं नाही. आकडे बरोबर येत होते, पण आठ कोअरच्या यंत्रावर एकच कोअर राबत होता. लहान चाचण्यांत ते जाणवलं नाही. २६ जुलै २००५ च्या सांताक्रूझच्या ९४४ मिमी पावसाचा मोठा संच मॅकवर चालवला, तेव्हा उबुंटूच्या जुन्या डेस्कटॉपपेक्षा नवा मॅक कितीतरी मागे पडला आणि शोधाशोध सुरू झाली.

मॅकवर खरा जीसीसी आणल्यावर

पुढची पायरी म्हणून होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज साधनाने जीसीसी टाकलं. होमब्रू यात शहाणपणा दाखवतं: सिस्टिमच्या नावावर सावली पडू नये म्हणून ते ‘जीसीसी’ नावाची कमांड देतच नाही, ‘जीसीसी-१४’ असं आवृत्तीसकट नाव देतं. ॲपल सिलिकॉनवर ते ऑप्ट-होमब्रू-बिनमध्ये बसतं, इंटेल मॅकवर यूएसआर-लोकल-बिनमध्ये.

गाळलेलं ‘-एफओपनएमपी’ परत घालून ‘मेक सीसी=जीसीसी-१४’ असं चालवलं. सीच्या सगळ्या फाइल कंपाइल झाल्या आणि लिंकिंगला, म्हणजे त्यांतून बनलेल्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडताना, ‘_जीओएमपी_पॅरलल’ सापडत नाही असा एरर आला. कारण सरळ आहे, पण पटकन दिसत नाही. कमांडवर फक्त सीसी बदललं होतं. सी++ साठीचं सीएक्सएक्स व्हेरिएबल मेकच्या अंगभूत किमतीवरच होतं, आणि मॅकवर त्यातून मिळणारा कंपायलर म्हणजे पुन्हा क्लँग. जीसीसीने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलींना लिबगॉम्प, म्हणजे जीसीसीची ओपनएमपी लायब्ररी, हवी होती. लिंक करणाऱ्या क्लँगला ती ठाऊकच नव्हती.

सीएक्सएक्सही ‘जी++-१४’ केल्यावर दुसरी भिंत लागली. सी++चा थर होमब्रूमधल्या एका तयार भूमिती लायब्ररीवर उभा होता, आणि ती लायब्ररी ॲपल क्लँगने बनलेली. क्लँगच्या प्रमाणित लायब्ररीत स्ट्रिंगचं पूर्ण नाव ‘एसटीडी::__१’ खाली येतं, जीसीसीच्या लायब्ररीत ‘एसटीडी::__सीएक्सएक्स११’ खाली. लिंकरच्या लेखी हे दोन वेगळे प्रकार आहेत, म्हणून ‘सापडत नाही’ची लांबलचक यादी आली. सीच्या सीमेवर वेगवेगळे कंपायलर एकत्र नांदतात. सी++च्या सीमेवर बहुतेक वेळा नाही.

शिवाय ‘जीसीसी-१४’ हे नाव कायमचं नसतं. होमब्रूमध्ये मूळ जीसीसी पॅकेज १५ वर गेलं की अपग्रेडनंतर ‘जीसीसी-१५’ राहतं, आणि १४ लिहिलेलं बिल्ड एका सकाळी ‘कमांड सापडली नाही’ म्हणून थांबतं. आवृत्ती धरूनच ठेवायची असेल तर ‘जीसीसी@१४’ हे वेगळं पॅकेज मागावं लागतं.

विंडोज आणि फ्रीबीएसडी

विंडोजचा पहिला प्रयोग एमएसवायएस२ वर, म्हणजे विंडोजवर युनिक्सची साधनं देणाऱ्या संचावर, झाला. तिथल्या युसीआरटी६४ वातावरणात जीसीसी खरंच जीसीसी असतो. मिनजीडब्ल्यूच्या (विंडोजसाठीच्या जीसीसी संचाच्या) पॅकेजमधल्या मेकची कमांड मात्र ‘मिनजीडब्ल्यू३२-मेक’. यातल्या ३२ चा बिटशी संबंध नाही; ६४ बिटच्या कंपायलरचं पूर्ण नावही ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिनजीडब्ल्यू३२-जीसीसी’ असंच आहे. पहिला भाग प्रोसेसर, दुसरा पुरवठादार, तिसरा सिस्टिम, शेवटी साधन. ही रचना एकदा कळली की उबुंटूवरचं ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी-११’ही वाचता येतं; तिथे पुरवठादाराचा भाग गाळलेला असतो आणि शेवटी आवृत्ती असते.

ग्राहकाचं ॲप्लिकेशन मात्र मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत बनत होतं. मिनजीडब्ल्यूच्या सी++ फंक्शनांची लिंकरला दिसणारी नावं मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीशी जुळत नाहीत, म्हणून तो थर असा देता येणार नव्हता. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर म्हणजे ‘सीएल’. तो साध्या टर्मिनलमध्ये सापडत नाही. आधी डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट उघडावा लागतो किंवा ‘व्हीसीव्हार्स६४’ ही बॅच फाइल चालवावी लागते. ती पाथ, हेडरची जागा आणि लायब्ररीची जागा मांडून देते.

टीमने ते वातावरण गिट बॅश या विंडोजवरच्या युनिक्स धाटणीच्या टर्मिनलमध्ये आणलं आणि दोन गोष्टी बिघडल्या. ‘/ओपनएमपी’ हा पर्याय बॅशला तिरक्या रेघेमुळे पत्ता वाटला आणि त्याने तो विंडोजच्या पूर्ण पत्त्यात बदलून सीएलकडे पाठवला. उपाय सोपा: सीएल डॅशही स्वीकारतो, म्हणून ‘-ओपनएमपी’ लिहायचं. दुसरी गोष्ट लिंकरची. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचं नाव ‘लिंक’, आणि गिट बॅशसोबत येणाऱ्या युनिक्स साधनांतही फाइलींची हार्ड लिंक करणारी ‘लिंक’ नावाची कमांड असते. पाथमध्ये ती आधी होती. ‘लिंक: जादा ऑपरँड’ हा एरर दिसला की कंपायलर तपासत बसू नये, कुठली लिंक चालतेय ते ‘व्हेअर लिंक’ देऊन पाहावं.

फ्रीबीएसडीचं काम त्या मानाने लवकर उरकलं. तिथे २०१४ च्या १०.० पासून ‘सीसी’ म्हणजे क्लँग, आणि मूळ सिस्टिममध्ये आता जीसीसी नाहीच. पोर्ट या तिथल्या पॅकेज संग्रहातून टाकलं तर नाव ‘जीसीसी१३’, मधे डॅश नाही. ‘मेक’ म्हणजे बीएसडी मेक. जीएनयू मेकच्या अटी त्याला वाचता येत नाहीत, त्यासाठी ‘जीमेक’ लागतं. ओपनबीएसडीवर गेलात तर पॅकेजमधल्या जीसीसीची कमांड ‘ईजीसीसी’ असते. तोच कंपायलर, चार प्रकारची नावं.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय, मॅकवर ‘जीसीसी’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारं नाव) करून ती जीसीसी-१४ कडे वळवायची. दोन मिनिटांचं काम, म्हणून बैठकीत यालाच जास्त मतं होती. पण त्याने त्या यंत्रावरची बाकीची बिल्डंही बदलतात, नव्या माणसाच्या मॅकवर ते नसतं, आणि सी++ लायब्ररीचा तंटा तसाच राहतो. लीडने हा पर्याय नाकारला, आणि ते योग्यच झालं.

दुसरा, सगळीकडे खरा जीसीसी सक्तीचा. यात ओपनएमपी सगळीकडे सारखं मिळतं. पण व्हिज्युअल स्टुडिओचा ग्राहक हातचा जातो. तिसरा, सगळं डॉकरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या बंदिस्त वातावरणात. लिनक्ससाठी उत्तम, मॅकच्या बायनरीसाठी निरुपयोगी. चौथा, मेकफाइलमध्येच युनेमनुसार फांद्या वाढवत जाणं. हा पर्याय दिसतो तितका वाईट नाही, पण त्याच्या मुळाशी ‘सिस्टिम कळली की कंपायलर कळला’ हे गृहीतक आहे. उबुंटूवरही ते टिकत नाही: तिथे ‘सीसी’ पर्यायी नावांच्या यंत्रणेतून जातं आणि प्रशासक ते क्लँगकडे वळवू शकतो, तर ‘जीसीसी’ जागचं हलत नाही.

पाचवा, सीमेकवर जाणं, म्हणजे एकाच वर्णनातून प्रत्येक सिस्टिमसाठी बिल्डच्या फाइली तयार करणाऱ्या साधनावर. सीमेक नावावर विश्वास ठेवत नाही. एक छोटी फाइल कंपाइल करून मॅक्रोंवरून ओळख पटवतो आणि ‘जीएनयू’, ‘क्लँग’, ‘ॲपलक्लँग’, ‘एमएसव्हीसी’ यांपैकी एक ओळख देतो. खर्च म्हणजे टीमला नवं साधन शिकावं लागणार, आणि तोवर डिलिव्हरी थांबवता येणार नव्हती.

निर्णय आणि कृती

दोन टप्पे ठरले. आधी मेकफाइल सरळ करायची, मग उबुंटूसह मॅक, विंडोज आणि फ्रीबीएसडी सीमेकवर न्यायचे.

मेकफाइलमध्ये पहिल्यांदा ‘सीसी ?= जीसीसी’ लिहिलं गेलं: बाहेरून काही दिलं नसेल तर जीसीसी. वाचायला बरोबर वाटतं, पण जीएनयू मेकमध्ये ते काहीच करत नाही. सीसी व्हेरिएबलला मेक आधीच ‘सीसी’ ही अंगभूत किंमत देतो, त्यामुळे ते कधी रिकामं नसतंच. योग्य रीत म्हणजे ‘ओरिजिन’ फंक्शनने विचारायचं. उत्तर ‘डिफॉल्ट’ आलं तरच स्वतःची किंमत ठेवायची. सोबत अग्रक्रमही टीमच्या विकीवर लिहून ठेवला: कमांडवर दिलेली किंमत सगळ्यांच्या वर, मग मेकफाइलमधली, मग एन्व्हायर्नमेंटमधली, शेवटी अंगभूत. मूळच्या ‘सीसी = जीसीसी’ ओळीमुळे एन्व्हायर्नमेंटमध्ये सीसी ठेवूनही फरक का पडत नव्हता, याचा उलगडा तेव्हा झाला. सीसी आणि सीएक्सएक्स नेहमी जोडीनेच द्यायचे, हा नियमही इथलाच.

नंतर ओळख. कंपायलरला ‘-डीएम -ई’ पर्याय आणि रिकामी फाइल दिली की तो स्वतःचे सगळे मॅक्रो छापतो. त्यात आधी __क्लँग__ शोधायचं, ते असेल तर ॲपलच्या बिल्ड आवृत्तीचा मॅक्रो आहे का पाहायचं, आणि क्लँग नसेल तरच __जीएनयूसी__ वर विश्वास ठेवायचा. क्रम उलटला की मॅकवर पुन्हा तीच फसगत. सीएलला ही युक्ती चालत नाही. तिथे कोडमध्ये ‘_एमएससी_व्हीईआर’ पाहावा लागतो, आणि ‘क्लँग-सीएल’ तो मॅक्रो क्लँगच्या जोडीने देतो हेही ध्यानात ठेवावं लागतं. लक्ष्य यंत्रणा कुठली, हे जीसीसी आणि क्लँगला ‘-डंपमशीन’ने विचारता येतं.

सगळ्यात उपयोगी बदल मात्र तीन ओळींचा होता. समांतर बिल्ड मागितलं असेल आणि ‘_ओपनएमपी’ मॅक्रो नसेल, तर ‘#एरर’ देऊन कंपाइल तिथेच थांबवायचं. एकाच धाग्यावर चालणारं बिल्ड हवंच असेल, तर ते वेगळ्या पर्यायाने उघडपणे मागायचं.

सीमेकवर जाताना मॅकसाठी ॲपल क्लँगच ठेवला आणि ओपनएमपीसाठी होमब्रूचं लिबओएमपी, म्हणजे क्लँगला चालणारी ओपनएमपी लायब्ररी, घेतलं. हे पॅकेज नेहमीच्या फोल्डरांत जोडलं जात नाही, म्हणून ‘ओपनएमपी_रूट’मध्ये त्याचा पत्ता द्यावा लागला. सी++ लायब्ररी बाकी सगळ्यांशी जुळली, लिंकिंगचा तंटा मिटला. सीमेकचा एक स्वभाव इथे दोघांना नडला: कंपायलर पहिल्या खेपेला ठरतो आणि कॅशमध्ये बसतो. नंतर सीसी बदलून त्याच बिल्ड फोल्डरमध्ये सीमेक चालवलं तर जुनाच कंपायलर राहतो. फोल्डर पुसून नव्याने सुरू करणं हाच खात्रीचा मार्ग.

विंडोजवर सीएलने ‘सी३०१६’ हा एरर दिला. नुसत्या ‘/ओपनएमपी’ने ओपनएमपी २.० मिळतं, ‘_ओपनएमपी’ची किंमत २००२०३, उबुंटूच्या जीसीसी ११ वर ती २०१५११ होती. २.० मध्ये समांतर लूपची गणती चिन्हासहित पूर्णांकात असावी लागते, आणि कोडमध्ये सगळीकडे ‘साइझ_टी’ होतं. ‘/ओपनएमपी:एलएलव्हीएम’ने ते चालतं, पण त्यासाठी वेगळी रनटाइम डीएलएल सोबत द्यावी लागते. टीमने लूप बदलले. मोजके लूप होते, आणि व्हिज्युअल स्टुडिओची जुनी आवृत्ती वापरणाऱ्या ग्राहकाचीही सोय झाली.

निकाल

चारही ठिकाणी आता एकाच वर्णनातून बिल्ड निघतं. फ्रीबीएसडीवर सीमेकसोबत मेकऐवजी निंजा हे बिल्ड साधन वापरल्याने मेक की जीमेक हा प्रश्नच उरला नाही. प्रत्येक बिल्डच्या लॉगची पहिली ओळ म्हणजे कंपायलरची ओळख, आवृत्ती, लक्ष्य यंत्रणा आणि ‘_ओपनएमपी’ची किंमत. ग्राहकाचा फोन आला की सपोर्टवाले आधी तीच ओळ मागतात. ९४४ मिमीचा संच आता चारही यंत्रणांवर रोज रात्री चालतो आणि त्यात किती धागे वापरले गेले तेही तपासलं जातं, कारण बरोबर उत्तर आलं एवढ्यावर ही चूक पकडली जात नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

‘-एफओपनएमपी’ गाळण्याचा बदल रिव्ह्यूत आला तेव्हा ‘मग समांतर काम कशाने होणार?’ एवढं विचारलं असतं, तर पुढचा बराच वेळ वाचला असता. एरर देणारा पर्याय काढून टाकणं हा उपाय नव्हे. तो पर्याय कशासाठी होता, हे आधी लिहून काढायला हवं.

ग्राहकांना सी++चा थर देण्याऐवजी पहिल्यापासून सीचा इंटरफेस दिला असता, तर विंडोजचा निम्मा गुंता झालाच नसता. पुढच्या आवृत्तीत तसं करायचं ठरलं आहे. फ्रीबीएसडीसाठी ग्राहकाच्या सर्व्हरवर प्रयोग करण्यापेक्षा ऑफिसातच एक व्हर्च्युअल मशीन उभं करता आलं असतं. मेकचा फरक पहिल्या तासात दिसला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मॅकवर ही लायब्ररी पायथॉनमधून वापरणाऱ्यांच्या प्रोसेसमध्ये दुसऱ्या पॅकेजने आणलेलं लिबओएमपी आधीच हजर असतं, आणि दोन रनटाइम एकत्र आले की ‘ओएमपी एरर १५’ देऊन प्रोग्राम बंद पडतो. त्या एररच्या मजकुरातच एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सुचवलेलं असतं, दुहेरी लायब्ररी चालू द्या असं सांगणारं. पण त्याने चुकीची उत्तरंही येऊ शकतात, हा इशाराही तिथेच असतो. निचऱ्याच्या गणितात तो धोका घेता येत नाही, म्हणून टीमने ते व्हेरिएबल वापरायला मनाई केली आहे आणि पायथॉनसाठी तूर्त एका धाग्याचं बिल्ड वेगळ्या नावाने दिलं जातं.